हजेरीपटाच्या पलीकडे: कामगारांच्या आरोग्याची जबाबदारी नव्यानं घेणाऱ्यांसाठी

हे काम बहुतेकांकडे ठरवून येत नाही. मनुष्यबळ विभागात किंवा सेफ्टीत असताना एक दिवस साहेब बोलावतात, रजांचा कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हे जरा कमी करता येतंय का बघा." माझंही असंच झालं. मी मोठ्या उत्साहानं आरोग्य तपासणी शिबिर घेतलं. सगळ्यांचं बीपी, शुगर, डोळे. रिपोर्ट फायलीत गेले, फोटो नोटीस बोर्डावर लागले आणि पुढच्या तीन महिन्यांत रजा जिथल्या तिथे राहिल्या. लोकांच्या कंबरा जिथे धरत होत्या, तिथे मी एकदाही जाऊन उभी राहिले नव्हते.

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली हेच सांगून ठेवलंय. रोग्याला जे नेहमीचे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एकाची भर घाला, असा त्याचा आग्रह होता: तुम्ही काम काय करता? पुढे १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीनं व्यावसायिक आरोग्याची व्याख्या केली. तिचा गाभा असा की काम माणसाला जुळवून घ्यावं आणि माणूस त्याला झेपेल अशा कामावर असावा. या लेखातली प्रत्येक पायरी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग प्रत्यक्षात कसा आणायचा याबद्दल आहे. दुसऱ्या अर्ध्यावर सगळ्यांचंच लक्ष असतं.

एका शब्दाचा घोळ आधीच निस्तरू. 'अपंगत्व व्यवस्थापन' म्हटलं की लोकांना रॅम्प आणि राखीव जागा आठवतात. त्या त्यात येतातच. पण लचक भरून दोन आठवडे घरी बसलेला माणूस, हृदयविकारानंतर परतणारा, केमोथेरपी चालू असलेली, नैराश्यातून सावरणारा, ऐकू येणं कायमचं कमी झालेला, हे सगळे याच कामात मोडतात. आजारानं किंवा इजेनं काम करण्याची क्षमता थोडी किंवा फार, थोड्या काळासाठी किंवा कायमची कमी झाली, की तिथून हे काम सुरू होतं.

१. आधी आकडे, पण नावं बाजूला ठेवून

मागच्या पूर्ण वर्षाचा हजेरीपट घ्या. तीन-चार महिन्यांवरून अंदाज बांधू नका, हंगामाप्रमाणे रजा वरखाली होतात. तक्त्याला चार रकाने पुरतात: कोणत्या कामावरचा माणूस, रजा कधी सुरू झाली, किती दिवस चालली आणि परत आल्यावर तो त्याच कामावर गेला का. आजाराचं नाव या तक्त्यात लिहायचं नाही. ते तुमच्याकडे असण्याचं कारणच नाही. का, ते पाचव्या पायरीत येईल.

समजा १०० माणसं आहेत आणि वर्षाला २५० कामाचे दिवस. म्हणजे २५,००० मनुष्यदिवस. त्यातले ४ टक्के आजारपणात गेले तर १,००० दिवस झाले. आता हे दिवस रजेच्या लांबीप्रमाणे लावा. मी जिथे जिथे हे करून पाहिलं, तिथे एकच चित्र दिसलं. निम्म्याहून जास्त दिवस मोजक्या पाच-दहा जणांच्या लांबलेल्या रजांचे असतात, आणि सुपरवायझरची कुरकुर मात्र सगळी एकेक दिवस दांडी मारणाऱ्यांबद्दल असते. दांडी डोळ्यांत खुपते, कारण सकाळी सात वाजता लाइनवर माणूस कमी पडतो. लांब रजेच्या जागी बदली माणूस आलेला असतो, त्यामुळे तिचा विसर पडतो. पैसा आणि कसब मात्र तिथेच गळत असतं.

इथे ब्रॅडफर्ड गुणांक नावाचं एक सूत्र कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. वर्षातल्या रजांच्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग दहा दिवसांची एक रजा घेतली तर १ × १ × १० म्हणजे १०. एकेक दिवसाच्या दहा रजा घेतल्या तर १० × १० × १० म्हणजे १,०००. वारंवारच्या छोट्या रजांनी कामाची घडी विस्कटते हे दाखवायला सूत्र ठीक आहे. पण अर्धशिशी, दमा, फिट्स, सांध्यांचे जुने आजार असलेल्यांच्या रजा मुळातच तुटक असतात. हा आकडा शिक्षेसाठी वापरलात तर नेमके तेच लोक जाळ्यात येतात. मी तो विभागाविभागांची तुलना करायला वापरते, माणसाच्या फायलीत कधी घालत नाही.

तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहा: दुखापती कोणाला होतात? नवीन लागलेल्यांना पहिल्या काही महिन्यांत जास्त होतात, हे जवळपास सगळीकडे दिसतं. तुमच्याकडेही दिसलं, तर पहिल्या आठवड्याचं प्रशिक्षण आधी दुरुस्त करा.

आणि जे तक्त्यात येत नाहीत त्यांचं काय? हजर पण बेजार. मान आखडलेली, रात्रभर झोप नाही, तरी पंच मारून उभा. अशा माणसाचं काम मंदावतं, चुका वाढतात, आणि त्याचा आकडा कुठल्याच पटावर नसतो. तो शोधायला पुढची पायरी.

२. कामाच्या जागी जाऊन उभे राहा

एका कामापाशी सलग तासभर. वही-पेन नको, मोबाइल खिशात. पहिली दहा मिनिटं लोक तुमच्यासाठी काम करतात, नीट वाकतात, हातमोजे घालतात. नंतर विसरतात. खरं काम तिथून पुढे दिसतं.

त्यानंतर शरीराचा नकाशा काढा. कागदावर माणसाची आकृती, पुढून आणि मागून. प्रत्येकाला एक कागद आणि एक रंगीत पेन. शिफ्ट संपताना जिथे दुखतं तिथे ठिपका द्यायचा, नाव लिहायचं नाही. बारा जणांपैकी आठ जणांचा ठिपका उजव्या खांद्यावर आला, तर त्या आठ खांद्यांत काही दोष नाही हे कोणालाही कळेल. त्या जागी हात कुठवर न्यावा लागतो ते मोजायला टेप घेऊन जा.

एक जागा मला अजून लख्ख आठवते. पॅकिंगच्या शेवटाला पट्ट्यावरून बॉक्स येत आणि तिथला माणूस ते जमिनीवरच्या लाकडी पॅलेटवर रचत असे. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, बॉक्स वीस किलोचाच आहे, नियमात बसतो." बसतही होता, कागदावर. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं उचलण्याच्या कामासाठी केलेलं सूत्र, जे १९९१ मध्ये सुधारलं गेलं, २३ किलोपासून सुरू होतं. पण ते २३ किलो सगळं उत्तम असतानाचे: वजन अंगाजवळ, घोट्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर, हात ७५ सेंटिमीटर उंचीला, पकड चांगली, अंग पिळायचं नाही, मध्ये पुरेशी उसंत. बॉक्स अंगापासून ५० सेंटिमीटर लांब धरावा लागला की २३ चे साडेअकरा होतात. त्यातच हात जमिनीपर्यंत न्यावे लागले की नऊच्याही खाली. वरून कंबर पिळली तर आणखी कमी. पॅलेटचा पलीकडचा कोपरा भरताना तो माणूस हे तिन्ही करत होता, वीस किलो घेऊन, मिनिटाला दोनदा.

त्याला विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?" तो म्हणाला, "पहिला थर आणि शेवटचा थर. मधले थर असले की मी गाणं म्हणतो."

त्याच दुपारी दोन रिकामी पॅलेट एकावर एक ठेवून त्यावर भरायचं पॅलेट ठेवलं. तळ फूटभर वर आला. शेवटचा थर खांद्याच्या वर जाऊ लागला, म्हणून एक थर कमी केला. गोदामवाल्यांनी आरडाओरडा केला. गोल फिरणारं, वजनाप्रमाणे खाली जाणारं टेबल यायला पुढे चार महिने लागले. पण दुखणं थांबायला त्या टेबलाची वाट पाहावी लागली नाही.

असे प्रश्न विचारताना 'काही त्रास आहे का?' असं कधी विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येतं. 'सगळ्यात अवघड क्षण कोणता?', 'घरी गेल्यावर कुठे दुखतं?', 'नवीन माणसाला हे काम देताना काय सांगाल?' असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला तर जुनी माणसं अख्खा इतिहास सांगतात.

३. बदल वरून खाली

धोका कमी करायच्या उपायांची एक उतरंड आहे आणि ती सगळीकडे तीच. आधी धोकाच काढून टाका. ते जमलं नाही तर कमी घातक पर्याय आणा. मग यंत्रात किंवा जागेत बदल. मग कामाच्या पद्धतीत, म्हणजे पाळी बदलणं, विश्रांती, प्रशिक्षण. सगळ्यात शेवटी मास्क, हातमोजे, इअर प्लग. नवखे लोक उतरंड खालून चढायला घेतात, कारण इअर प्लग आज मागवले की उद्या येतात.

आवाजाचंच घ्या. नायॉशची मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मीटर हाताशी नसेल तर एक ढोबळ खूण. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर तिथे मोजणी करून घ्यायची वेळ आली आहे. मोजल्यावर प्लग वाटण्याआधी यंत्राचा सैल पत्रा, झिजलेलं बेअरिंग, हवेचा गळका पाइप पाहा. बऱ्याचदा देखभाल विभागाच्या एका दुपारीत आवाज उतरतो.

उन्हाच्या किंवा भट्टीच्या कामात नवीन माणूस आणि लांब रजेवरून परतलेला माणूस यांना पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि ती सवय काही दिवसांच्या रजेतही उतरू लागते.

४. पहिला फोन

आता माणूस रजेवर गेलाय. इथे बहुतेक ठिकाणी एक विचित्र शांतता सुरू होते. ऑफिसला वाटतं, आजारी माणसाला कशाला त्रास द्या. घरी बसलेल्याला वाटतं, मला विसरले. तिसऱ्या आठवड्यात त्याला आपल्या जागी दुसरा माणूस घेतल्याची बातमी मिळते. पाचव्या आठवड्यात दुखणं थोडं कमी झालेलं असतं, पण परत जायची भीती त्याहून मोठी झालेली असते. रजा जितकी लांबते तितकं परतणं अवघड होतं, ही या क्षेत्रातली सगळ्यात पक्की गोष्ट. त्यामुळे रजा लांबणार असं दिसलं की पहिल्या तीन-चार दिवसांत फोन गेला पाहिजे.

फोन कोणी करायचा? शक्यतो ज्याच्याशी रोजचा संबंध आहे अशा सुपरवायझरनं. दोघांचं पटत नसेल तर तुम्ही करा. बोलणं साधारण असं:

"नमस्कार, बोलायला बरं वाटतंय का आत्ता? … चौकशीसाठी नाही केला फोन, कसे आहात ते विचारायला केला. … हो, तुमचं मशीन सध्या दुसरे बघतायत, तुम्ही आलात की तुमचंच आहे. … रजेच्या पैशाचा फॉर्म भरलाय का? नसेल तर मी पाठवते. … परत फोन कधी करू, पुढच्या बुधवारी चालेल?"

यात 'काय झालंय नक्की?' हा प्रश्न नाही, हे लक्षात आलं असेल. 'कधी येताय?' हाही नाही. पहिल्या फोनमध्ये तारीख मागितली की पुढचे फोन उचलले जात नाहीत. पैशाचा विषय मात्र मुद्दाम काढायचा. अर्ध्या लोकांची झोप दुखण्यापेक्षा त्यानंच उडालेली असते.

आणि बुधवारी म्हटलं असेल तर बुधवारीच करा.

५. डॉक्टरांना योग्य प्रश्न

डॉक्टरांकडून चिठ्ठी येते: 'दोन आठवडे पूर्ण विश्रांती.' मग आणखी एक: 'हलकं काम द्यावं.' हलकं म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसतं, डॉक्टरांनाही नाही, कारण त्यांनी तुमची जागा पाहिलेली नसते. दोष त्यांचा नाही. त्यांना आपण काही सांगितलेलंच नसतं.

म्हणून प्रत्येक कामाचा एक पानी कागद तयार ठेवा. त्यात इतकंच हवं:

– सलग किती वेळ उभं राहावं, बसावं, चालावं लागतं
– किती वजन, किती वेळा, कुठून कुठवर
– हात खांद्याच्या वर जातो का, मनगट सारखं वळतं का
– उंचीवर, फिरत्या यंत्रापाशी, वाहनावर काम आहे का
– धूळ, रसायन, आवाज, उष्णता, रात्रपाळी
– लक्ष किती गुंतवावं लागतं, गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं का

यातल्या प्रत्येक ओळीपुढे डॉक्टरांनी 'करू शकतात', 'मर्यादेत', 'सध्या नको' यांपैकी एकावर खूण करायची. हा कागद कामगारानं स्वतः घेऊन जायचा. आजाराचं नाव लिहायला त्यात जागाच ठेवायची नाही. निदान डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात राहतं, व्यवस्थापनाला फक्त क्षमता आणि मर्यादा कळतात. ही भिंत एकदा फुटली, सुपरवायझरला एखाद्याच्या गोळ्यांचं नाव कळलं आणि ते कॅन्टीनमध्ये फिरलं, की पुढची काही वर्षं तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

ब्रिटननं २०१० मध्ये 'सिक नोट' बदलून 'फिट नोट' आणली ती याच विचारानं. डॉक्टरांना 'कामास अपात्र' याशिवाय 'काही बदल केले तर कामास पात्र ठरू शकतात' असा पर्याय मिळाला, आणि त्याखाली चार चौकटी: टप्प्याटप्प्यानं परतणं, वेळेत बदल, कामात बदल, जागेत बदल. तुमच्या देशात असा कागद नसला तरी या चार चौकटी तुमच्या कागदावर छापायला कोणी अडवत नाही.

६. परतीचा आराखडा

पूर्ण बरं होऊन मग कामावर, हा आपला जुना समज. साध्या कंबरदुखीत तर तो उलटाच पडतो. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तितकं हलत राहिलेलं बरं, हे आता वैद्यकशास्त्रात मान्य आहे. कॅनडातल्या शेरब्रुक इथे पाठदुखीमुळे कामापासून दूर असलेल्या कामगारांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांबरोबर ज्यांच्या कामाच्या जागीही लक्ष घातलं गेलं, ते फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा सुमारे २.४ पट लवकर आपल्या कामावर परतले. नुसत्या उपचारांना तो वेग साधला नव्हता.

कंबर धरलेल्या, उचलण्याचं काम करणाऱ्या माणसाचा आराखडा साधारण असा बनतो. पहिला आठवडा चार तास, पाच किलोच्या वर काही नाही, बसून-उभं राहून आलटून पालटून करता येईल असं तपासणीचं काम. दुसऱ्यात सहा तास, दहा किलोपर्यंत. तिसऱ्यात पूर्ण पाळी, पण निम्मा वेळच स्वतःच्या जागेवर. चौथ्यात आपलं काम, ओव्हरटाइम नाही. दर शुक्रवारी पाच मिनिटं बसून पुढच्या आठवड्याचं ठरवायचं. हे आकडे मी नमुन्यादाखल दिलेत, खरे आकडे डॉक्टरांच्या कागदावरून घ्या. आराखडा लेखी असावा, शेवटची तारीख असावी, आणि त्यावर तिघांच्या सह्या: कामगार, सुपरवायझर, तुम्ही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, खोटं हलकं काम. माणसाला बोलावून कोपऱ्यात खुर्चीवर बसवायचं, म्हणजे रजेचा आकडा कमी दिसतो. एका ठिकाणी वीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला दोन आठवडे जुन्या पावत्या नंबरवारी लावायला दिल्या होत्या. तो तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रजेवर गेला, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. दिलेल्या कामाचा कोणालातरी खरंच उपयोग व्हायला हवा. म्हणून रजा पडायच्या आधीच प्रत्येक विभागाकडून 'करायचं राहून गेलेल्या' कामांची यादी घेऊन ठेवा: नवीन माणसाला शिकवणं, साठ्याची मोजणी, कामाच्या सूचना लिहून काढणं, गुणवत्ता तपासणी.

दुसरं, सहकारी. परतलेला चार तासांनी घरी जातो आणि त्याचं राहिलेलं काम बाजूच्याच्या अंगावर पडतं. पहिल्या दिवशी सगळे सांभाळून घेतात. दहाव्या दिवशी टोमणे सुरू होतात. आराखड्यात त्या माणसाचा बोजा कोण उचलणार हेही लिहा, आणि त्या आठवड्यांत विभागाचं उत्पादनाचं लक्ष्य तेवढं खाली आणा. लक्ष्य तेच ठेवून सहानुभूतीची अपेक्षा करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

तिसरं, सुपरवायझर. सगळं यश-अपयश याच एका माणसावर ठरतं आणि प्रशिक्षण सगळ्यात कमी त्यालाच मिळतं. त्याला दोन तास बसवून फक्त तीन गोष्टी शिकवा: फोन कसा करायचा, काय विचारायचं नाही, आणि आराखडा मोडायची वेळ आली तर आधी कोणाला सांगायचं.

७. मर्यादा कायमची असेल तेव्हा

सगळेच पूर्ण बरे होत नाहीत, आणि काहीजण मर्यादा घेऊनच नोकरीला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे: मालकावर अवाजवी ओझं न टाकता त्या माणसाला काम करता यावं म्हणून केलेला बदल. तुमच्या देशाचा कायदा यात काय बंधन घालतो ते वकिलाकडून एकदा समजून घ्या. पण काम अडतं ते बहुधा कायद्यापाशी अडत नाही. 'खूप खर्च येईल' या समजुतीपाशी अडतं. अमेरिकेतली जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही सेवा मालकांकडून वर्षानुवर्षं माहिती घेतेय, आणि निम्म्याच्या आसपास बदलांना काहीच खर्च आला नाही असं मालकच सांगतात.

बदल म्हणजे काय? ऐकू न येणाऱ्यासाठी आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा. एका हातानं काम करणाऱ्यासाठी वस्तू धरून ठेवणारा साचा. (तो बसवल्यावर दोन हातांचे लोकही तोच वापरू लागतात.) दिसत नसलेल्यासाठी संगणकावर एनव्हीडीए, पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. फिट्स येणाऱ्याला शिडी आणि उघडं यंत्र नको, आणि झोप मोडणाऱ्या फिरत्या पाळ्यांऐवजी एकच पाळी. मधुमेह असलेल्याला ठरलेल्या वेळी खायला मोकळीक. पक्षाघातानंतर थकवा दिसत नाही पण दुपारी दोननंतर माणूस संपतो, म्हणून डोक्याचं काम सकाळी.

कोणता बदल हवा हे ठरवताना त्या माणसालाच आधी विचारा. हे इतकं उघड आहे की लिहायला नको होतं. पण मी स्वतः एकदा व्हीलचेअरवरच्या मुलीसाठी तिला न विचारता टेबल उंच करून घेतलं होतं, आणि तिनं शांतपणे सांगितलं, "मॅडम, मला प्रिंटर खाली हवा होता."

८. मनाचं दुखणं

हा भाग वेगळा काढलाय तो फक्त लोक तो विसरतात म्हणून. पायऱ्या त्याच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंताविकारांपायी जगभरात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस जातात. उपाय म्हणून योगवर्ग आणि प्रेरणादायी भाषणं ठेवली जातात. माझं मत विचाराल तर ती शिबिरासारखीच: वाईट नाहीत, पण कामाला हात लावत नाहीत. कामाचा अतिरेक, आपल्या हातात काहीच नसणं, भूमिकेचा गोंधळ, अपमान करणारा वरिष्ठ, अवेळी पाळ्या हे इथले 'धोके', आणि २०२१ मध्ये आलेलं आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानक त्यांना तसंच हाताळायला सांगतं. म्हणजे पुन्हा तीच उतरंड, वरून खाली.

एक बारीक सूचना. नैराश्यातून परतणाऱ्याच्या आराखड्यात तासांपेक्षा कामाचा प्रकार महत्त्वाचा. चार तास पण चारशे तुंबलेले ईमेल, असं करू नका. तो यायच्या आधी कोणीतरी ती पेटी उपसून ठेवा.

९. मोजा, पण बोर्ड काढून टाका

वरिष्ठांना दर तिमाहीला चार आकडे पुरतात. आजारपणाचे एकूण दिवस. चार आठवड्यांपेक्षा लांबलेल्या रजा किती. त्यातले किती जण परतले आणि तीन महिन्यांनंतरही टिकून आहेत. आणि दहा लाख कामाच्या तासांमागे किती इजांमुळे काम बुडालं. याबरोबर ओव्हरटाइम आणि बदली माणसांचा खर्च जोडा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या टेबलाला मंजुरी मागताना तोंड वर करून बोलता येतं. पहिल्या सहा महिन्यांत मोठा फरक दिसेल असं कबूल मात्र करू नका.

'अपघाताविना इतके दिवस' असा फलक तुमच्या गेटवर असेल. आमच्याकडेही होता. सत्त्याण्णववर आला होता आणि शंभराव्या दिवशी सगळ्यांना बक्षीस होतं. त्या दिवशी एकाचं बोट कापलं. त्यानं फडकं गुंडाळलं, वरून हातमोजा चढवला आणि शिफ्ट संपेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बक्षीस मिळालं. आठवड्यानं बोट सुजून तो दवाखान्यात गेला तेव्हा सगळं बाहेर आलं.

आम्ही फलक उतरवला, बक्षीस बंद केलं आणि किरकोळ इजेची चिठ्ठी टाकायला पेटी ठेवली. पुढच्या महिन्यात नोंदी तिपटीनं वाढल्या. वरून फोन आला, "हे काय चाललंय?" मी चिठ्ठ्या घेऊनच गेले आणि टेबलावर जागेप्रमाणे गठ्ठे केले. एकतीस चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या अकरा पट्टी कापायच्या एकाच कटरच्या. नवा, पातं आपोआप आत जाणारा कटर दुसऱ्या दिवशी मागवला.